वाजतंय कोण?

मराठीत पाल चुकचुकते, रातकिडा किरकिरतो, चिमणी चिवचिवते आणि मेसच्या भाजीवरून आपण सगळे कुरकुरतो. पण बॅटरी संपत आलेलं एखादं यंत्र दर मिनिटाला एकदाच 'टुक्' करून गप्प बसतं, त्याला क्रियापद कुठलं? माझी शाळा कॉन्व्हेंट, मराठी कायम 'सेकंड लँग्वेज', म्हणून मी आमच्या विंगमधल्या मराठी माध्यमाच्या तिघींना विचारलं. एकीने 'टुकटुकणं' सुचवलं, दुसरीने 'पुकपुकणं', आणि तिसरी म्हणाली, "अगं त्याची बॅटरी बदल, म्हणजे शब्दच लागणार नाही!"

मुद्दा बरोबर आहे. पण बॅटरी बदलायला आधी ते यंत्र सापडायला नको का?

मित्रमैत्रिणींनो, हा लेख त्या 'टुक्'बद्दल आहे. विषय किरकोळ वाटेल. पण आज आपल्या घरात किती वस्तू वाजतात ते एकदा मोजून बघा. इन्व्हर्टर वाजतो, कॉम्प्युटरचा यूपीएस वाजतो, फ्रिजचं दार उघडं राहिलं की फ्रिज वाजतो, पाण्याचा फिल्टर वाजतो, मायक्रोवेव्ह वाजतो, वॉशिंग मशीन वाजतं. कुठल्या तरी ड्रॉवरच्या तळाशी दादाचं दहावीतलं डिजिटल घड्याळ पडलेलं असतं, ते दर तासाला 'पीप-पीप' करतं. आणि यातल्या निम्म्या वस्तूंचा आवाज अगदी एकसारखा! दहा मुलांना एकच नाव ठेवायचं आणि हजेरी घ्यायची, असला हा प्रकार. माझं म्हणणं सरळ आहे: जे यंत्र आपल्याला हाक मारतं त्याने आपण कोण आणि कुठे आहोत हेही सांगितलं पाहिजे. सांगत नसेल तर ते यंत्र अर्धवट बनवलेलं आहे, मग ते कितीही परदेशी असो.

हे मी पुस्तकात वाचून म्हणत नाही. गेल्या पीएलमध्ये मी अभ्यासाला म्हणून मामाच्या घरी कपिलधारला गेले होते. (अभ्यास किती झाला ते रिझल्टमध्ये दिसलंच.) ज्यांना गाव माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: बीडहून सोलापूरच्या रस्त्याने निघालं की मांजरसुंबा लागतं, तिथून जवळच बालाघाटच्या डोंगरात हे ठिकाण. इथे संत मन्मथस्वामींची समाधी आहे. कार्तिक पौर्णिमेला मोठी यात्रा भरते, मराठवाड्यातून आणि कर्नाटक-तेलंगणाकडूनही दिंड्या येतात. पावसाळ्यात इथला धबधबा बघायला मोटारसायकलींची रांग लागते. मामाच्या घरी यात्रेच्या दिवसांत पाहुण्यांचा पूर असतो. त्यामुळे माळ्यावरच्या आणि पेट्यांमधल्या सगळ्या वाकळा, सतरंज्या, गाद्या बाहेर निघतात. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे लागेल.

यात्रा झाली, पाहुणे गेले आणि तिसऱ्या रात्री आवाज सुरू झाला. टुक्. मग चाळीसएक सेकंद शांतता. परत टुक्. दिवसा काही नाही. पहाटे तीननंतर सुरू होणार आणि ऊन आलं की बंद.

आजीचं निदान तयार होतं. "आगं, पाल चुकचुकायली ती. शिव शिव म्हण अन् झोप." मामाचा संशय इन्व्हर्टरवर. आमच्या भागात इन्व्हर्टर हा घरातला जुना सदस्य. परळीला औष्णिक वीज केंद्र आहे म्हणून बीड जिल्ह्याला लोडशेडिंग माफ होतं असं समजू नका. उलट २०१३ साली आणि पुन्हा २०१५ साली पाणी नाही म्हणून त्या केंद्रातले संचच बंद ठेवावे लागले होते. तर मामाने बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घातलं. आवाज चालूच. मामीने पाण्याच्या फिल्टरचा प्लग काढला. आवाज चालूच. शेजारच्या काकूंनी मग नको ती शंका बोलून दाखवली आणि लिंबू-मिरचीचा विषय निघाला. घरात इंजिनिअरिंगला असलेली भाची बसलेली असताना लिंबू-मिरची! मला ते लागलंच.

आता जरा थिअरी. कंटाळा करू नका, परीक्षेला नाही.

कपिलधारला पाऊस चांगला झालेला असला की धबधब्याजवळ डोळे मिटून उभं राहावं आणि बोटाने दाखवावं, पाणी कुठे पडतंय. कोणीही बरोबर दाखवतं. आणि त्याच दरीत संध्याकाळी रातकिडा शोधावा. कानाशी ओरडतोय असं वाटतं आणि सापडत मात्र नाही. दगड उचलला की आवाज दुसरीकडून! असं का? धबधब्याच्या आवाजात खर्जापासून अगदी वरच्या पट्टीपर्यंत सगळ्या फ्रिक्वेन्सी असतात. आपल्या शेतातल्या रातकिड्याचा आवाज मात्र साधारण चार-पाच हजार हर्ट्झच्या आसपासच्या एका सुरात अडकलेला असतो.

आवाज कुठून आला हे आपला मेंदू दोन गोष्टींवरून ठरवतो. एक, आवाज कुठल्या कानाला आधी पोचला. दोन, कुठल्या कानाला मोठा ऐकू आला. लॉर्ड रॅले यांनी १९०७ मध्येच हे मांडलं होतं. खालच्या सुरांना पहिली युक्ती चालते, वरच्या सुरांना दुसरी. एका बाजूने आलेला आवाज डोक्याला वळसा घालून दुसऱ्या कानाला पोचायला जास्तीत जास्त ०.६५ मिलिसेकंद उशीर होतो. तीन हजार हर्ट्झच्या लाटेचं एक आवर्तन ०.३३ मिलिसेकंदात संपतं. म्हणजे तेवढ्या उशिरात जवळजवळ दोन लाटा निघून जातात, आणि कुठली लाट आधी आली याचा मेंदूला हिशोबच लागत नाही. पहिली युक्ती बाद. दुसरी युक्ती इथे धड सुरू झालेली नसते, कारण डोक्याची सावली दाट पडायला सूर आणखी वरचा लागतो. हार्वर्डच्या स्टीव्हन्स आणि न्यूमन या दोघांनी १९३६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. भिंतींचा प्रतिध्वनी नको म्हणून त्यांनी माणसाला चक्क इमारतीच्या छतावर उंच खुर्चीत बसवलं आणि आवाजाची दिशा ओळखायला लावली. सगळ्यात जास्त चुका कुठे झाल्या? तीन हजार हर्ट्झच्या आसपास.

आणि आपले बहुतेक घरगुती अलार्म कुठल्या सुरात वाजतात? बरोबर ओळखलंत! त्याच.

कंपन्या हे मुद्दाम करतात असं नाही. आत एक पिझो चकती असते. (पिझोइलेक्ट्रिसिटीचा शोध १८८० चा, पिएर आणि जाक क्यूरी या भावांचा. व्हायव्हात विचारतात.) ती लहान, स्वस्त, आणि साधारण याच सुराला स्वतःहून जोरात थरथरते. माणसाचा कानही दोन ते पाच हजार हर्ट्झला सगळ्यात तिखट. म्हणजे कमीत कमी बॅटरीत जास्तीत जास्त बोंब. हिशोब चोख आहे, पण तो 'ऐकू जाईल का' एवढ्याच प्रश्नाचा. 'सापडेल का' हा प्रश्न त्या डिझाइनरला कोणी विचारलाच नाही. त्यात तो आवाज इतका छोटा की मान वळवेपर्यंत संपतो, आणि आपल्या सिमेंटच्या गुळगुळीत भिंतींवर आपटून चारही बाजूंनी परत येतो.

तर मग शोधायचं कसं? मामेभाऊ आणि मी दोन रात्री घालवल्या, आणि ती पद्धत इथे देते, कारण सुट्टीत तुमच्याही घरी हे होणार आहे. आधी धावत सुटायचं नाही, आधी मोजायचं. दोन टुक्-मधलं अंतर स्टॉपवॉचवर लावलं: ४१, ४१, ४२ सेकंद. तासाला एकदा असतं तर घड्याळ. फक्त लाइट गेल्यावर असतं तर इन्व्हर्टर किंवा यूपीएस. इथे लाइट असतानाही वाजत होतं. मग पहाटे चारला मेन स्विच पाडला आणि इन्व्हर्टरही बंद केला. हे दुसरं लोक विसरतात, आणि मग इन्व्हर्टरवर घर चालूच राहतं. सगळं घर काळोखात. फ्रिजसुद्धा गप्प. आणि... टुक्!

म्हणजे स्वतःची बॅटरी असलेली वस्तू. मग मोबाइल, घड्याळं, टॉर्च, रिमोट, लहान भाचीची बोलणारी बाहुली, सगळ्या संशयितांना टोपलीत घालून अंगणात हद्दपार केलं. टुक् घरातूनच. मग दोन मोबाइल घेतले, एक पुढच्या खोलीत आणि एक मागच्या खोलीत ठेवून एकाच वेळी दहा मिनिटं रेकॉर्डिंग केलं. हल्ली फुकटात स्पेक्ट्रम दाखवणारी अॅप्स मिळतात. कानाला दिशा कळत नसली तरी आवाजाचा जोर मोबाइलला कळतो. ३२०० हर्ट्झच्या जवळ एक बारीक रेघ, आणि मागच्या खोलीतली रेघ ठळक. तिथे मग मोबाइल कोपऱ्या-कोपऱ्यात ठेवत गेलो, प्रत्येक ठिकाणी दोन टुक् होईपर्यंत थांबायचं. संयम लागतो. लॅबमध्ये रीडिंग 'जुळवून' आणणाऱ्यांचं हे काम नाही.

रेघ सगळ्यात ठळक झाली लोखंडी पेटीवर. वाकळांची मोठी पेटी. उघडली तर रिकाम्या पेटीच्या तळाशी पांढरी, बशीएवढी गोल डबी. स्मोक अलार्म.

अमेरिकेतल्या एका नातेवाइकाने चार वर्षांपूर्वी कौतुकाने आणलेला. मामाने तो स्वयंपाकघरात लावला होता. पहिल्याच दिवशी लसणाची फोडणी पडली आणि त्याने घर डोक्यावर घेतलं. आठवडाभर रोज तेच. शेवटी मामीने तो काढून वाकळांच्या घडीत ठेवला, बॅटरीसकट, आणि सगळे विसरले. (त्याच्या पाठीवर अमेरिशियम-२४१ असं छापलेलं होतं. म्हणजे आजीच्या वाकळांमध्ये चार वर्षं चिमूटभर किरणोत्सारी पदार्थ नांदत होता! घाबरू नका, डबी फोडली नाही तर धोका नसतो. आणि हाच प्रकार फोडणीला जास्त दचकतो.) वाकळा भरलेल्या होत्या तोवर त्याचा आवाज बाहेर येतच नव्हता. यात्रेसाठी पेटी रिकामी झाली आणि मग पत्र्याच्या खोक्यात तो घुमायला लागला. आणि फक्त पहाटेच का? थंडीत बॅटरीची अंतर्गत रोधकता वाढते, व्होल्टेज मर्यादेच्या खाली उतरतं, यंत्र तक्रार करतं. ऊन तापलं की बॅटरीला धुगधुगी येते आणि ते गप्प बसतं. भूत असतं तर ते इतकं नियमाने नऊ व्होल्टवर चाललं नसतं.

आता यातला सगळ्यात संतापजनक भाग. आवाजाचा अर्थ काय, बॅटरी कधी बदलायची, हे सगळं त्या डबीवर स्वच्छ छापलेलं होतं. पण कुठे? पाठीवर! म्हणजे जी बाजू छताला चिकटते तिथे. तेही बारीक इंग्रजीत. सूचना वाचायला माणूस पालीच्या जन्माला आला पाहिजे.

आजीने ती डबी हातात घेतली, उलटसुलट करून बघितली आणि म्हणाली, "लेकरू रडलं तर अंधारातबी कळतंय कुणाचं हाय ते. ह्ये मेलं रडतंय अन् नाव सांगंना." आमच्या इन्स्ट्रुमेंटेशनच्या पुस्तकात अलार्मवर अख्खं प्रकरण आहे. हे वाक्य त्यात नाही, ही त्या पुस्तकाची उणीव आहे.

आणि हो, आजीला तो आवाज तीनही रात्री नीट ऐकूच आला नव्हता. तिने पाल म्हटलं ते आम्ही सांगितलेल्या वर्णनावरून. वय झालं की कानातून आधी वरचे सूर जातात. म्हणजे आग लागली की ज्यांना आधी उठवायला हवं, नेमकी तीच माणसं झोपून राहणार. अमेरिकेच्या एनएफपीए ७२ या नियमावलीत २०१० च्या आवृत्तीत झोपायच्या खोल्यांसाठी ५२० हर्ट्झचा खालचा सूर आला, २०१४ पासून तो लागूही झाला, कारण अशा सुराने म्हातारी माणसं आणि लहान मुलं लवकर जागी होतात असं दिसलं होतं. परदेशात मागे येणाऱ्या ट्रकला टीं-टींऐवजी 'खर्र-खर्र' असा धबधब्याच्या जातीचा आवाज लावतात, तो कुठून येतोय ते लगेच समजतं. पण मला सगळ्यात जास्त कौतुक आपल्या गल्लीतल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणाऱ्या पाण्याच्या टाकीच्या अलार्मचं आहे. टाकी भरली की तो माणसाच्या आवाजात सांगतो, टाकी भरलीय, मोटर बंद करा. कोण बोलतंय, काय झालंय, काय करायचं, तिन्ही उत्तरं एका वाक्यात! त्याचा आवाज कर्कश असतो, शेजारी वैतागतात, मान्य. पण टाकी भरून वाहताना कोणी पाल शोधत बसत नाही.

आमची ई अँड टीसीची एक मैत्रीण म्हणते, संपत आलेल्या बॅटरीवर बोलणारी चिप कशी चालवणार? बरोबर आहे. पण टुक्-बरोबर एक ठळक दिवा लुकलुकवायला किती लागतं? दर्शनी बाजूला चार ठळक अक्षरं छापायला तर बॅटरीसुद्धा लागत नाही.

हे झालं घरचं. आता आपल्या होस्टेलकडे येऊ, कारण खरं दुखणं इथे आहे.

सापडत नाही असा आवाज आला की माणूस दोन-तीन दिवस शोधतो आणि मग तो बंद कसा करता येईल ते बघतो. मामीने फोडणीच्या वेळी तेच केलं. यात तिचा दोष मी मानत नाही, रोज खोटं ओरडणाऱ्याला कोण घरात ठेवेल? पण सवय लागते ती अशीच. २८ मार्च १९७९ ला अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुकेंद्रात अपघात झाला तेव्हा पहिल्या काही मिनिटांत शंभराहून जास्त अलार्म एकदम चालू झाले होते. त्या गोंधळात कामाचा अलार्म कुठला हे कळणं अवघड होतं. एवढं लांब कशाला? ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षात आग लागली, १० बाळं गेली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला तेव्हाच्या अहमदनगरच्या, आताच्या अहिल्यानगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली आणि रुग्ण दगावले. अशा राज्यात राहून आपण अलार्मच्या आवाजाला 'कटकट' म्हणतो.

आपल्या होस्टेलच्या दारात, वॉचमन काकांच्या खुर्चीमागे एक लाल पेटी आहे. सगळ्यांनी बघितली असेल, बहुतेकींनी तिच्यावर छत्री अडकवली असेल. त्या पेटीवर 'फॉल्ट'चा पिवळा दिवा गेलं संपूर्ण सेमिस्टर जळतोय. ती पेटीही वाजते. आपल्याला ऐकू येत नाही, कारण काकांना 'सायलेन्स' लिहिलेलं बटन दाखवून ठेवलंय. काका म्हणाले, "सकाळी आलो की आधी ते बटन दाबतो, मग चहा." त्यांना जे शिकवलं ते ते इमानदारीने करतात. त्यांना दुसरं काही शिकवलंच नाही.

पेटीवर लिहिलंय 'झोन ३'. झोन ३ म्हणजे कुठे? मी काकांना विचारलं, मेसच्या दादांना विचारलं, ऑफिसमध्ये विचारलं. तिघांची तीन उत्तरं आली: तिसरा मजला, मागची विंग, आणि "ते कॉन्ट्रॅक्टरला माहीत." अशा पेटीशेजारी झोनचा नकाशा लावलेला असायला हवा. आपल्याकडे नकाशाचे चार खिळे आहेत, नकाशा नाही. म्हणजे आपली पेटीही आजीच्या भाषेत रडतेय आणि नाव सांगत नाहीये. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे अशा इमारतींतली आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र दर वर्षी दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यायचं असतं. आपलं शेवटचं प्रमाणपत्र कुठल्या महिन्याचं आहे, हे विचारायला रागवायचं कारण नाही. रेक्टर मॅडमही याच इमारतीत झोपतात.

माझं मागणं फार मोठं नाही. नवी यंत्रणा बसवा, बोलणारे अलार्म आणा, असं मी आत्ता म्हणत नाही. झोनचा नकाशा परत लागू दे. प्रत्येक मजल्यावरच्या डिटेक्टरला नंबर पडू दे, आणि तो छताच्या बाजूला नको, खालून वाचता येईल असा. 'सायलेन्स' दाबलं की वेळ, तारीख आणि झोन लिहायला काकांच्या टेबलावर एक वही असू दे, आणि आठवड्याला ती कोणीतरी वाचू दे. ऑफिसला वेळ नसेल तर नंबर आम्ही टाकतो. मिनी प्रोजेक्टला विषय नाही म्हणून रडणाऱ्या निदान सहा जणी मला माहीत आहेत.

कपिलधारची ती डबी आता नवी चौकोनी बॅटरी घालून स्वयंपाकघराऐवजी माजघराच्या छताला लावली आहे. मामेभावाने पुढच्या बाजूला मार्करने लिहिलंय, 'धूर झाला की ओरडतो. टुक् केलं की बॅटरी बदला.' खाली बॅटरी घातल्याची तारीख. आपल्या लाल पेटीसाठी मार्कर माझ्याकडे आहे, रूम नंबर वॉचमन काकांना माहीत आहे. झोन ३ कुठे आहे तेवढं कोणीतरी सांगा.